एका पानात राजा

चीफ केळुसकरांनी मला पहिल्याच भेटीत नापास केलं.

इथे परदेशात आम्ही बिशानला राहतो; आमच्या ब्लॉकखाली मोकळा तळमजला आहे, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे एक दगडी टेबल आहे. एका शनिवारी सकाळी त्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी माझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी हँडओव्हरचं डॉक्युमेंट लिहीत बसले होते. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी काम करत असे, आणि माझी टीम बदलत होती. त्रेसष्ट पानं झाली होती. मध्येच पुण्याहून आईचा फोन आला, तिच्याशी वीस मिनिटं बोलले, आणि फोन ठेवून पाहते तर समोरच्या दगडी स्टुलावर एक उंच, ताठ गृहस्थ येऊन बसलेले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि बोटाला दोरीने लटकवलेली काळ्या कॉफीची प्लॅस्टिकची पिशवी.

"पुण्याच्या का?" त्यांनी विचारलं. "काय लिहिताय एवढं?"

"हँडओव्हर," मी म्हटलं. आणि न विचारता पुढे सांगितलं, "त्रेसष्ट पानं झालीत."

"अरे वा. मग यात गळतंय काय, ते कितव्या पानावर आहे?"

मी माउस वरखाली फिरवला. असं पान नव्हतंच. जे गळत होतं ते मी स्वतः घाईघाईत बांधलेलं होतं, आणि ते तिसऱ्या परिशिष्टात 'भविष्यातील सुधारणा' या गोंडस नावाखाली झोपवून ठेवलं होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग पिशवीतली कॉफी स्ट्रॉने शेवटपर्यंत ओढून म्हणाले, "एक पान लिहा. एका पानात मावत नसेल तर तुम्हाला कळलेलं नाही."

चाळिशीपर्यंत मला इतक्या कमी शब्दांत कुणी उघडं पाडलं नव्हतं. राग आलाच. पण घरी जाऊन मी ते एक पान लिहिलं. लिहायला तीन दिवस लागले.

ते वेंगुर्ल्याचे. सगळी हयात बोटींवर इंजिनिअर म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं चीफ इंजिनिअर. पुढे इथल्याच एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली, बिशानला फ्लॅट घेतला आणि इथलेच झाले. नाव रघुवीर, पण ते कुणी वापरत नसे. त्यांच्या पत्नी शालिनीकाकूही त्यांना 'अहो चीफ' अशीच हाक मारायच्या. तिच्यात थोडी थट्टा असे, आणि ती त्यांना मनापासून आवडे.

बोटीवर चीफ बदलतो तेव्हा जाणारा येणाऱ्यासाठी हँडिंग ओव्हर नोट लिहितो. मग दोघं मिळून इंजिनरूमची फेरी मारतात, जाणारा एकेक यंत्र हात लावून दाखवतो, आणि शेवटी दोघं सही करतात. इथवर सगळीकडचीच रीत. चीफांनी तिला स्वतःचा एक नियम जोडला होता: सही झाली की जाणाऱ्याने पुन्हा खाली पाय ठेवायचा नाही. वर सामान बांधत असताना खालून ओळखीचा आवाज आला, त्याचं कारण आणि उपाय दोन्ही माहीत असले, तरी जायचं नाही. "नाहीतर नवा माणूस चीफ व्हायचा कधी?" असं ते म्हणत.

त्यांचं दुसरं वेड मला पुढच्या शनिवारी कळलं. दुपारी चार वाजता, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सोळा शून्य शून्य'ला, आसपासची पाचसहा मराठी घरं त्या दगडी टेबलाभोवती जमायची आणि चीफ एका जाड वहीतून एक पान वाचायचे. एका शनिवारी एकच पान. आणि ते पान असायचं फ्रान्सच्या एखाद्या राजाचं, नाहीतर क्रांतिकारकाचं.

तरुणपणी त्यांची बोट फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात दुरुस्तीला पाच महिने अडकली होती. गोदीतल्या एका म्हाताऱ्या फोरमनने त्यांना आपल्या नातवाचं शाळेचं इतिहासाचं पुस्तक दिलं, वेळ जावा म्हणून. त्या पुस्तकावर चीफ फ्रेंच शिकले. पुढे ज्या बंदरात जातील तिथून जुनी पुस्तकं आणली. वेंगुर्ल्याच्या माणसाने फ्रान्सच्या राजांचं एवढं मनावर घ्यायचं कारण काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "शंभर वर्षांत एवढे चीफ बदललेली दुसरी बोट मला दाखव."

प्रत्येक पानाला तेच चार मथळे: काय चालतं, काय गळतं, काय झाकलंय, पहिल्या दिवशी काय बघायचं. जणू तो राजा गेला आहे आणि दुसऱ्या दिवशी चार्ज घेणाऱ्यासाठी चीफ लिहून ठेवतायत. जन्म कधी, लग्न कुणाशी, लढाया किती, यातलं फारसं काही नसे. तरी ते वाचून संपले की तो माणूस त्या टेबलाशी येऊन बसलेला असे. रोबेस्पिएरचं पान मला अजून पाठ आहे. 'काय चालतं: सगळं. एका सुताराच्या घरी भाड्याने राहतो. लाच खात नाही. कपडे स्वच्छ. एके काळी फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलला होता. काय गळतं: काही नाही. काय झाकलंय: सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याला 'तू चुकतोयस' म्हणणारी माणसं एकेक करून गिलोटिनखाली गेली आहेत. पहिल्या दिवशी काय बघायचं: ज्या यंत्रातून एकही थेंब गळत नाही त्याच्याजवळ उभं राहू नये.' तोही शेवटी गिलोटिनखालीच गेला, छत्तिसाव्या वर्षी. हे शेवटचं वाक्य चीफांनी वहीत लिहिलं नव्हतं, वही मिटून सांगितलं.

मी पुण्यात चांगल्या शाळेत शिकले, इतिहासात मार्कही बरे असायचे. पण माणूस असा हातात धरून, उलटा करून, खालून वाकून बघता येतो, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मी थक्क होऊन घरी जायचे. कुणीतरी नेपोलियनचं पान मागितलं की मात्र चीफ हात झटकायचे. "त्याला कुणाला चार्ज द्यायचाच नव्हता. मी कशाला लिहू?"

सोळाव्या लुईच्या शनिवारी एक गोष्ट घडली. हा राजा कुलपं बनवण्यात तरबेज, राजवाड्यात त्याची स्वतःची कार्यशाळा होती. इथवर चीफ अगदी प्रेमाने वाचत होते. मग लोकांनी बास्तीयचा तुरुंग घेतला आणि क्रांती सुरू झाली, त्या दिवसाची त्याच्या डायरीतली नोंद त्यांनी वाचली: 'काही नाही.' आमच्यातला एक तरुण खदखदून हसला. "कसला येडा राजा!"

"हसू नका," चीफ म्हणाले. "ती शिकारीची वही होती. शिकार मिळाली नाही, एवढंच त्याने लिहिलं. माणसावर अन्याय करू नये." मग म्हणाले, "मीही लिहिलंय 'काही नाही'."

आणि त्यांनी सांगितलं. चीफ झाल्यावरची पहिली बोट. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी एक काच असते. त्यांच्या बॉयलरची काच अधूनमधून खोटं दाखवायची, नखाने टकटक केलं की खरं. त्यांना ते माहीत होतं, रोज टकटक करायचे. बोट सोडायची वेळ आली तेव्हा घरी त्यांच्या लेकीच्या, मृणालच्या जन्माची सगळे वाट बघत होते, विमान गाठायचं होतं, आणि आपल्या हाताखालची काच बिघडलेली आहे हे लिहायची लाजही वाटत होती. 'बॉयलर: सर्व ठीक' असं लिहून सही केली. तीन आठवड्यांनी नव्या चीफने त्या काचेवर विश्वास ठेवला, आणि एका ऑइलरचे, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या खलाशाचे, दोन्ही हात भाजले.

"मृणाल झाल्याची तार आणि ही बातमी एकाच आठवड्यात आली," चीफ म्हणाले. "तेव्हापासून एक पान. आणि खरं." त्या दिवशी त्यांनी दुसरं काही वाचलं नाही.

शालिनीकाकू या शनिवारांना क्वचितच खाली यायच्या. पण चीफ घरातून निघाले की स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचाच, "किती वाजता?" आणि चीफ चपला घालता घालता सांगायचे, "अठरा पंधरा." सव्वासहा म्हणत नसत. आणि सव्वासहाला दाराची बेल वाजायची. मी एकदा खाली घड्याळ लावून बसले होते, त्यांच्या फजितीच्या आशेने. सहा चौदाला ते लिफ्टशी उभे होते.

असं दोनतीन वर्षं चाललं. मग एका शनिवारी सकाळी मी काकूंचा डबा परत करायला गेले. चीफ भाजीला गेले होते. काकूंनी दार उघडलं, प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "आपण?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. मग "एक मिनिट हं," म्हणून आत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या थेट माझा हात धरून, "ये गं अनघा! आई आली का पुण्याहून?"

त्या चहा टाकत असताना मी पाणी प्यायचं निमित्त करून भांड्यांचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चीफांच्या ठसठशीत अक्षरातली कार्डं ओळीने चिकटवलेली होती. मृणालचं. तिच्या जुळ्या मुलींची, कुणाच्या कुठल्या गालावर तीळ आहे त्यासकट. खालच्या कोपऱ्यात माझंही होतं: 'अनघा. शेजारचा जिना. बँकेत. आई पुण्याला, ती आली का विचारावं. बडबडी आहे, पण मनाने चांगली.'

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मागे वळले तर दारात भाजीची पिशवी घेऊन चीफ.

खाली दगडी टेबलाशी त्यांनी मला सांगितलं. दोन वर्षं झाली होती. बिशानच्या एमआरटी, म्हणजे मेट्रो स्टेशनवरून घरी यायचा रस्ता काकू पहिल्यांदा विसरल्या, त्याच दिवशी त्यांनी चीफांकडून वचन घेतलं, मृणालला कळू द्यायचं नाही. "ती मला पाहुण्यासारखं वागवेल," म्हणाल्या होत्या. मृणाल पुंगोलला राहायची, दर रविवारी दोन तास मुलींना घेऊन जेवायला यायची. त्या दोन तासांची चीफ आदल्या दिवशी तयारी करायचे. स्वयंपाक स्वतः करून ठेवायचे, कार्डं ताजी करायचे. जुळ्या मुलींच्या दंग्यात बाकीचं खपून जायचं. काही अडलं की काकू पाणी आणायला आत जायच्या. हा माणूस एक अख्खं घर एकटा चालवत होता आणि वर धूरसुद्धा दिसत नव्हता.

"आता मुद्द्याचं," चीफ म्हणाले. "माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांनी. दहा दिवस हॉस्पिटल. तू सकाळ-संध्याकाळ येऊन जा. मृणाल आली तर म्हणायचं, आई दमलीय, झोपलीय. कार्डं मी लिहून ठेवतो."

"आणि दहा दिवसांनंतर?" मी विचारलं.

"मग मी आहेच."

"आणि नसलात तर?"

माझं तोंड मला आवरत नाही, हे त्यांनीच कार्डावर लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "चीफ, तुम्ही काच टकटक करताय. 'सर्व ठीक' लिहून निघताय, आणि या वेळी घेणारी मृणाल आहे."

ते उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून वेंगुर्ल्याची बोली मी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. "माका काय सांगतंस!" एवढंच म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. त्या दुपारी वाचन झालं नाही. मी मनातल्या मनात स्वतःला खूप शिव्या दिल्या. वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच जखमेवर बोट ठेवून बोलले होते. पण बोललेलं मागे घ्यावंसंही वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "खाली ये." टेबलावर वही उघडी होती. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी चौदाव्या लुईचं पान वाचलं. बहात्तर वर्षं राज्य केलं. सगळ्या युरोपला दिपवलं. लढाया, राजवाडे, कारंजी. आणि मरणाच्या दारात पाच वर्षांच्या पणतूला जवळ बोलावून सांगितलं, की माझी लढायांची हौस तू उचलू नकोस.

"एवढी खरी नोट त्या घराण्यात दुसऱ्या कुणी दिली नाही," चीफ म्हणाले. "पण वेळ बघ. आणि घेणारा बघ. पाच वर्षांचं पोर, त्याला काय कळणार?" त्यांनी वही मिटली. त्यांचा हात मिटलेल्या वहीवर तसाच राहिला. "माझी पोर छत्तीसची आहे. मला ती सबब नाही."

"आणि काकूंना दिलेलं वचन?"

"ते मोडणार. तिला ते आठवत नाही, हेच जास्त वाईट आहे. आठवत असतं तर भांडली असती."

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी जुळ्या मुलींना सांभाळायला तिथे होते. जेवणं झाल्यावर चीफांनी मृणालपुढे एक पान ठेवलं. ती उभ्याउभ्याच वाचू लागली आणि अर्ध्यात खाली बसली.

'काय चालतं: हात. पोळ्या अजून गोल होतात. गाणी, सगळी कडवी. हसणं. माणसांची आवड.

काय गळतं: नावं. वार. गॅस बंद करणं. बाहेरून घरी येणं.

काय झाकलंय: हे सगळं, दोन वर्षं, तुझ्यापासून. झाकणारा मी. कार्डं कपाटाच्या दाराला आतून आहेत. काढू नयेत, भर घालावी.

पहिल्या दिवशी काय बघायचं: मी दिसलो नाही की 'किती वाजता' विचारेल. वेळ सांगायची. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. ते ऐकलं की घाबरते.'

"बाबा, व्हाय नेव्हर टेल मी?" मृणालचा आवाज फुटला. ती इथेच लहानाची मोठी झालेली, चिडली की शेवटी 'ला' जोडणारी इथलीच भाषा बाहेर यायची. "मी पुंगोलला राहते बाबा, पॅरिसला नाही! एमआरटीने अर्धा तास ला! दोन वर्षं तुम्ही एकट्याने..."

"चुकलो," चीफ म्हणाले. मी त्यांना तो शब्द वापरताना पूर्वी ऐकलं नव्हतं. "ऊठ. फेरी मारू."

आणि त्यांनी तिला स्वतःचंच घर दाखवलं. गॅसचा कॉक, आणि तो बंद केल्यावर पुन्हा हात लावून बघायचा ते. बाथरूमचा दिवा, जो रात्रभर चालू ठेवायचा. कपाट. काकूंच्या औषधांचे डबे. एकेक वस्तूवर हात ठेवत, सावकाश. मृणाल रडत होती आणि तरी प्रत्येक ठिकाणी त्यांच्यामागून हात ठेवत होती. काकू सोफ्यावर बसून एका नातीची वेणी घालत होत्या आणि या दोघांकडे कौतुकाने बघत होत्या. शेवटी मृणालने पानाखाली सही केली. चीफांनी केली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते पेन तिच्याकडे दिलं.

ऑपरेशननंतर चीफ घरी आले नाहीत. मृणाल मुलींना आणि नवऱ्याला घेऊन बिशानला राहायला आली. त्या घरी मी अजूनही जाते, आणि काकू कपाटाशी जाऊन आल्या की माझ्या आईची चौकशी करतात. माझं कार्ड मृणालने बदललेलं नाही.

पण मला चीफ आठवतात ते हॉस्पिटलला निघाले त्या सकाळचे. खाली टॅक्सी उभी होती, बॅग माझ्या हातात. मृणाल उंबऱ्यात उभी, तीच आता मागे राहणार होती. चीफ चपला घालून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले, लिफ्टचं बटण दाबलं. तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, नेहमीचा आवाज आला.

"अहो चीफ, किती वाजता?"

त्यांची मान झटकन वळली. ओठ उघडले. एक पाऊल दाराच्या दिशेने पडलंही. तिथेच ते थांबले. पाऊल मागे घेतलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि लिफ्टच्या बंद दाराकडे तोंड करून ताठ उभे राहिले. आतून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा घाबरा. "किती वाजता हो?"

मृणालने डोळे पुसले, आत तोंड वळवलं आणि मोठ्याने सांगितलं, "अठरा पंधरा, आई."

"बरं," काकू म्हणाल्या.

लिफ्ट आली. चीफांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मान हलवली, आणि मागे न बघता आत गेले.